वाटीत मागे काय उरतं?

(जवळून दृश्य: पिंजरा, मातीची वाटी)

पाकिटातल्या मिश्र खाद्याची वाटी आत ठेवली की पाळलेला उंदीर आधी सूर्यफुलाची बी शोधतो. पुढच्या पंजांत ती उभी धरतो, पटाशीच्या दातांनी टरफल फोडतो, गर खातो. मग शेंगदाणा, मग मक्याचा दाणा. तपकिरी गोळ्या मात्र तशाच पडून राहतात. जीवनसत्त्वं आणि क्षार नेमके त्या गोळ्यांत असतात. पाकिटावर आहार समतोल असतो, पोटात जाते ती नुसती चरबी. वाटी अर्धी झाली म्हणून आपण पुन्हा भरतो, आणि तो पुन्हा बियाच वेचतो!

म्हणून सगळे घटक दळून केलेली एकसारखी गोळी बरी. तिच्यात निवडानिवड करायला जागाच नसते. मोठ्या उंदराला दिवसाला १५ ते २० ग्रॅम पुरतात. सोबत थोडी भाजी, शिजवलेली डाळ, कधी उकडलेल्या अंड्याचा तुकडा.

(दृश्य: जुनी प्रयोगशाळा)

१९३५ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात क्लाइव्ह मॅके यांनी पांढऱ्या उंदरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही उंदरांना पोषक घटक पुरेसे, पण उष्मांक कमी दिले होते. त्यांतले नर तर भरपेट खाणाऱ्या नरांपेक्षा बरेच जास्त जगले. त्यांची वाढ खुंटली होती, तेव्हा घरच्या उंदराला अर्धपोटी ठेवावं असा याचा अर्थ मुळीच नाही. पण लठ्ठ उंदीर म्हणजे सुदृढ उंदीर, हा समज सोडायला हरकत नाही.

गटारातला उंदीर काहीही पचवतो, मग याला काय होतंय, असंही म्हणतात. जात एकच, हे खरं. पण गटारातला उंदीर नवं अन्न आधी चिमूटभर चाखतो आणि थांबतो, कारण उंदराला ओकता येत नाही. पोटात गेलेलं विष बाहेर टाकायची सोयच नाही. त्यामुळे कच्चा राजमा, हिरवा पडलेला बटाटा, चॉकलेट लांबच ठेवायचं.

संत्र्याच्या सालीची गोष्ट आणखी चमत्कारिक. तिच्यातलं लिमोनिन फक्त नराला बाधतं. नराच्या यकृतात तयार होणाऱ्या एका प्रथिनाला ते चिकटतं, ते प्रथिन मूत्रपिंडात साचतं आणि तिथल्या पेशी मरतात. मादीत हे प्रथिन जवळजवळ नसतंच. माणसालाही यातलं काही होत नाही.

आणि मोदक? मूषकाला मोदक नको कसं म्हणायचं! नखाएवढा तुकडा, तोही सणापुरता.

(दृश्य: पिंजऱ्याचा कोपरा, चिंध्यांचं घरटं)

वाटी रिकामी दिसली तरी लगेच भरू नका. आधी चिंध्या उचलून बघा. उंदीर साठेबाज. कालचा अर्धा खाऊ तिथे दडवलेला असतो, आणि ओली भाजी असेल तर तिला बुरशीही आलेली असते. ती काढून टाका, कोरड्या गोळ्या राहू द्या. दोन वर्षं उलटलेल्या म्हाताऱ्याला त्याच गोळ्या कोमट पाण्यात भिजवून द्या.