बर्फातली नळी

[दृश्य: सकाळ, शाळेची पडवी. जांभळ्या टोपणाच्या नळ्या, बर्फाचा डबा]

रक्त नळीत आलं, की नळी थेट बर्फात. ही घाई उगाच नाही. नळी तशीच टेबलावर राहिली, तर तांबड्या पेशी होमोसिस्टीन बाहेर सोडत राहतात, तासाला साधारण १० टक्के. होमोसिस्टीन म्हणजे प्रथिनं वापरताना शरीरात उरणारं एक अमिनो आम्ल, धमन्यांच्या आजाराशी नाव जोडलं गेलेलं. दुपारपर्यंत धडधाकट माणसाचा आकडाही चढलेला दिसेल. म्हणून तासाभरात सेंट्रिफ्यूज, म्हणजे नळी गरगर फिरवून पेशी खाली बसवणारं यंत्र.

[दृश्य: सेंट्रिफ्यूज थांबतो. नळीत दोन थर]

खाली पेशी, वर पिवळसर प्लाझ्मा. आपल्याला हवा तो वरचा. त्यात लिटरमागे ५ ते १५ मायक्रोमोल होमोसिस्टीन असणं नेहमीचं.

[ॲनिमेशन]

डाळ, दूध, अंडं, मटण, कशातलंही प्रथिन घ्या, त्यात मेथिओनीन हे अमिनो आम्ल असतं. शरीर ते वापरतं आणि होमोसिस्टीन उरतं. त्याला पुढे दोन वाटा. बी-१२ आणि फोलेट ही जीवनसत्त्वं हाताशी असतील, तर ते पुन्हा मेथिओनीन होतं. दुसऱ्या वाटेवर बी-६ लागतं. तिथे त्याचं सिस्टीन होतं आणि सिस्टीनपासून ग्लुटाथिओन.

इथे जरा थांबू. प्राणवायू वापरताना पेशीत सुपरऑक्साइड, म्हणजे प्राणवायूचं एक उपद्रवी रूप, तयार होत असतं. एक एन्झाइम त्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड करतं, जखमेवर ओतल्यावर फसफसतं ते. मग ग्लुटाथिओन पेरॉक्सिडेज हे दुसरं एन्झाइम, ग्लुटाथिओन खर्चून, त्याचं पाणी करतं. हा बंदोबस्त शरीराचा स्वतःचा आहे, बाटलीतून विकत आणलेला नाही. आणि त्याचा कच्चा माल काही अंशी होमोसिस्टीनमधूनच येतो. तेव्हा त्याला सरसकट विष म्हणणं बरोबर नाही. ते तुंबलं, की मात्र उलटतं: त्याचं स्वतःचं ऑक्सिडीकरण होताना पेरॉक्साइड निघतं, आणि ते निस्तरणारं एन्झाइमही पेशी कमी बनवू लागते. रक्तवाहिन्या सैल ठेवणारं नायट्रिक ऑक्साइड या गोंधळात वाया जातं.

[दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली धमनीचा छेद]

अमेरिकेत बॉस्टनला विकृतिशास्त्रज्ञ किल्मर मॅककली यांनी असेच छेद पाहिले. एक आठ वर्षांचा मुलगा, १९३३ साली पक्षाघाताने गेलेला. एक दोन महिन्यांचं बाळ. दोघांचे जन्मजात दोष वेगळे, रक्तात होमोसिस्टीन मात्र दोघांच्याही भरपूर, आणि धमन्या म्हाताऱ्या माणसासारख्या. १९६९ मध्ये त्यांनी बोट होमोसिस्टीनकडे दाखवलं. त्या काळात सगळ्यांचं लक्ष कोलेस्टेरॉलवर होतं.

पुढे बी जीवनसत्त्वांनी हृदयरुग्णांचं होमोसिस्टीन उतरवून पाहिलं. आकडा उतरला, हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहीत.

[दृश्य: पुणे, सकाळची रहदारी. मग खेड्याचा रस्ता]

पुण्यात केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने ४४१ मध्यमवयीन पुरुष तपासले: खेड्यातले, झोपडपट्टीतले, शहरी मध्यमवर्गातले. २००६ मध्ये छापून आलेले आकडे असे. बी-१२ कमी, ६७ टक्क्यांत. होमोसिस्टीन जास्त, ५८ टक्क्यांत. आणि सर्वांत वाईट अवस्था खाऊनपिऊन सुखी मध्यमवर्गाची, अनुक्रमे ८१ आणि ७९ टक्के. बी-१२ वनस्पती बनवतच नाहीत, सूक्ष्मजीव बनवतात. शाकाहारी ताटात ते येतं ते दूध, दही, ताकातून, तेवढंच.

[दृश्य: डेअरीवर दुधाचे कॅन]

कॅनमधलं हे दूध शहराकडे निघालं.

[दृश्य: वर्ग. मुलींच्या तळहातावर निळी गोळी]

सरकारी योजनेतली ही गोळी आठवड्यातून एकदा: ६० मिलिग्रॅम लोह, ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड, म्हणजे गोळीतलं फोलेट. यात बी-१२ नाही. होमोसिस्टीन परत वळवायला दोन्ही लागतात, एकटं फॉलिक ॲसिड पुरत नाही. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून गरोदर बायकांची आणि त्यांच्या मुलांची नोंद ठेवली गेली. गरोदरपणी फोलेट भरपूर पण बी-१२ कमी अशा आयांच्या मुलांत, सहाव्या वर्षी, इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वांत जास्त दिसली.

तीच मुलं मोठी झाल्यावर, २०१२ पासून, त्यांच्यातल्या काहींना रोज फक्त २ मायक्रोग्रॅम बी-१२ दिलं. पुढे त्यांतल्या मुलींना बाळं झाली. बाळांचं जन्मवजन वाढलं नाही. दोन वर्षांच्या वयात आकलन आणि भाषेच्या चाचण्यांत मात्र, ज्यांच्या आईला बी-१२ मिळालं होतं ती पुढे होती.