यझ्दचं पाणी, यझ्दचा वारा

श्रोतेहो, नमस्कार. इराणच्या मधोमध, वाळवंटाच्या कडेला, यझ्द नावाचं कच्च्या विटांचं जुनं शहर आहे. पाऊस वर्षाकाठी ६० मिलिमीटरच्या आसपास. आपल्याकडे एखाद्या वळवात तेवढा पडून जातो. तरी तिथं डाळिंबाच्या बागा आहेत. हे शहर जगतं दोन गोष्टींवर : खालून पाणी, वरून वारा.

पाणी येतं भुयारी पाटानं. त्याला कनात किंवा कारेझ म्हणतात. डोंगराच्या पायथ्याशी झरा लागेपर्यंत विहीर खणायची आणि तिथून बेताच्या उतारानं बोगदा काढायचा. ना मोट, ना पंप.

आता खरी गंमत ऐका. मध्य इराणातल्या कित्येक गावांत हे पाट नर किंवा मादी मानत. नर पाटाचं पाणी आटू लागलं, की लोक म्हणत, गडी एकटा पडलाय, याचं लग्न लावा! मग बहुधा एखादी विधवा बघायची आणि लावायचा पाटाशीच पाट! तिनं मधूनमधून त्या पाण्यात उतरून आंघोळ करायची आणि गावानं तिला धान्य घालायचं. नवरा जमिनीखाली, उलटून बोलायचा नाही, जेवणाला नावं ठेवायचा नाही आणि कणगीत गहू! हसू नका. पाणी वाढो न वाढो, एकट्या बाईच्या पोटापाण्याची सोय गावानं लावली, तीही पाण्याच्या नावावर. म्हणजे कुणी नाकारायची सोय नाही.

आपल्याकडेही मलिक अंबरानं खडकीला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगराला, असंच भुयारी पाणी खेळवलं : नहर-ए-अंबरी. ती साफ ठेवायची सोडून आपण टँकरची वाट बघतो, पण तो विषय वेगळा.

तर, खालून पाणी, वरून वारा. वाऱ्यासाठी बादगीर, घरावरचा झरोक्यांचा मनोरा. यझ्दच्या दौलताबाद बागेत (आपला किल्ला नव्हे!) अठराव्या शतकातला अष्टकोनी बादगीर आहे, सुमारे ३३ मीटर उंच. आठही बाजूंनी झरोके, त्यामुळे वारा कुठूनही येवो, सापडतोच. तो खाली उतरतो, हौदाच्या पाण्यावरून जातो आणि गार होऊन दिवाणखान्यात शिरतो. बाहेर पाण्याचा लांब पाट आणि सरूची उंच झाडं. ही बाग २०११ साली जागतिक वारशात गेली, जुनं शहर २०१७ साली.

गेलात तर भर दुपारी जा. संध्याकाळी फोटो बरे येतात, पण बादगिराचं काम कळायला अंगावर ऊन घेतलेलं हवं. नमस्कार.