बर्फ ठरवेल तेव्हा : बाउंड्री वॉटर्सचं वर्ष

[दृश्य : एप्रिलअखेर. काळपट पडलेला बर्फ, काठालगत हातभर उघडं पाणी.]

एप्रिल संपत आलाय. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या उत्तर टोकाला एली नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या लोकांचं लक्ष सध्या तळ्याकडे आहे. बर्फ काळपट दिसायला लागला, म्हणजे आतून पोखरला. चालत जावं तर पाय आत जाईल, होडी घालावी तर वल्हं फिरणार नाही. वर्षातून दोनदा असे दिवस येतात, बर्फ सुटताना आणि बर्फ धरताना. तेवढे दिवस तळ्यावर कुणी जात नाही. मग एखाद्या दिवशी जोराचा वारा सुटतो, उरलासुरला बर्फ काठावर ढकलला जातो आणि गावातल्या गाड्यांच्या टपांवर होड्या दिसू लागतात.

एलीच्या पुढे कॅनडाच्या सीमेपर्यंत पसरलंय बाउंड्री वॉटर्स. सुपिरिअर राष्ट्रीय वनाचा हा राखीव भाग आहे. सुमारे ११ लाख एकर जंगल, हजाराहून जास्त तळी, आणि ती एकमेकांना जोडणारे १,२०० मैलांहून अधिक जलमार्ग. सीमेपलीकडे कॅनडाचं क्वेटिको उद्यान लागतं, पण झाडांना आणि तळ्यांना त्या रेषेची खबर नाही. इथला खडक जगातल्या सर्वांत जुन्या खडकांपैकी, काही ठिकाणी पावणेतीन अब्ज वर्षांच्या आसपासचा. हिमनद्यांनी तो खरवडला, सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी त्या मागे हटल्या आणि खळग्यांत पाणी उरलं.

[दृश्य : डोक्यावर उलटी कनू, म्हणजे वल्ह्याची निमुळती होडी, घेऊन पायवाटेने चालणारी व्यक्ती. फक्त पाय दिसतात.]

एक तळं संपलं की दुसऱ्यापर्यंत जमीन. ही जमीन ओलांडायची ती होडी आणि सामान खांद्यावर घेऊन. त्या वाटेला पोर्टेज म्हणतात. आणि तिची लांबी फुटांत किंवा मीटरमध्ये सांगत नाहीत, रॉडमध्ये सांगतात. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, साधारण एका कनूची लांबी. नकाशावर ८० रॉड लिहिलं असेल तर चारशे मीटर. कागदावर काहीच नाही. दगडगोटे, चिखल आणि जूनमधले डास धरले तर बरंच काही.

केव्हलार या मजबूत कृत्रिम धाग्याची हलकी कनू वीस किलोच्या आसपास भरते, जुनी ॲल्युमिनियमची तीस-पस्तीस. तिच्या मधोमध खांद्यांवर बसणारं लाकडी जू असतं. पाठीवरची चौकोनी कॅनव्हासची पिशवी डुलुथ पॅक म्हणून ओळखली जाते. कमील प्वारिए नावाच्या कारागिराने १८८२ मध्ये तिचं पेटंट घेतलं होतं. नायलॉनच्या जमान्यातही ती टिकून आहे, कारण कनूच्या तळाशी ती बरोबर बसते.

नियम कडक आहेत. एका गटात जास्तीत जास्त नऊ माणसं आणि चार होड्या. मुक्काम ठरलेल्या जागीच. तिथे चुलीसाठी लोखंडी जाळी आणि झाडीत एक उघडा संडास, बस्स. अन्न अस्वलाच्या तोंडी लागू नये म्हणून एक तर भक्कम डब्यात बंद, नाही तर झाडाला उंच टांगलेलं. खाण्यापिण्याचे पत्र्याचे फेकाऊ डबे आणि काचेच्या बाटल्या आत न्यायच्या नाहीत. मिनिआपोलिसकडून चार-साडेचार तास गाडी चालवून येणाऱ्या मराठी कुटुंबांनी धास्ती घ्यायचं कारण नाही. परत घरी न्यायचा स्टीलचा डबा चालतो. पोहे, मेतकूट, कोरडी चटणी हे सामान तर या प्रवासासाठीच जन्माला आल्यासारखं आहे.

आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे होडीला मोटार नाही. मोजक्या तळ्यांवर सूट आहे, बाकी सगळीकडे वल्हं.

हे सहजासहजी झालेलं नाही. १९४०च्या दशकात पाण्यावर उतरणारी विमानं हौशी मासेमारांना थेट आतल्या रिसॉर्टवर सोडायची. १९४९ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी या जंगलावरून समुद्रसपाटीपासून चार हजार फुटांखाली उडायला बंदी घातली. रानं जशीच्या तशी राखण्यासाठी १९६४चा विल्डरनेस कायदा आला, तरी मोटारबोटी राहिल्याच. १९७८च्या कायद्याने त्या बहुतेक तळ्यांवरून गेल्या. त्याआधीच्या वर्षी एलीत सुनावणी झाली, तेव्हा गावातल्याच एका ज्येष्ठ निसर्ग अभ्यासकाचा पुतळा संतापलेल्या लोकांनी फासावर लटकवला होता. लोकांच्या रागाला कारण होतं. रिसॉर्ट बंद पडणार होते, धंदे जाणार होते. शहरातून येणाऱ्याला शांतता मिळते, तिची किंमत कुणी मोजली हे विसरून चालणार नाही.

[दृश्य : जुनी कृष्णधवल छायाचित्रं. लाकडी खोपटं, बाटल्यांच्या रांगा, हसणारी बाई.]

या सगळ्या ओढाताणीच्या मधोमध एक बाई राहत होती. डोरोथी मोल्टर. शिकागोत परिचारिकेचं शिक्षण घेतलेली डोरोथी १९३०च्या दशकात नाइफ लेकमधल्या बेटांवर आली ती कायमची. रस्ता पंधरा मैल लांब, वाटेत पाच पोर्टेज. विमानं थांबली तशी सोड्याच्या बाटल्यांची आवकही थांबली, रिकाम्या बाटल्यांचा ढीग तेवढा उरला. मग ती स्वतःच रूट बिअर करू लागली. हे पेय नावाला बिअर, प्रत्यक्षात गोड आणि बिनदारूचं. हिवाळ्यात तळ्यातला बर्फ कापून साठवायचा, उन्हाळ्यात त्यात बाटल्या थंड करायच्या. हा भाग राखीव ठरल्यावर तिला विक्री करता येईना, तेव्हा येणारे लोक स्वखुशीने पैसे ठेवू लागले. सरकारने तिला हलवायचा प्रयत्न केला, लोक तिच्या बाजूने उभे राहिले आणि हयातभर तिथे राहायची मुभा मिळाली. डिसेंबर १९८६ मध्ये ती गेली. तिची खोपटं सुटी करून बर्फावरून एलीला आणली. आज तिथे संग्रहालय आहे.

[आवाज : लून पक्ष्याची लांबलचक साद.]

ऑगस्ट सरताना डास ओसरतात आणि उथळ पाण्यात मनूमिन पिकतं. पाण्यात उगवणाऱ्या गवताचं हे लांबट, काळसर धान्य. इथल्या मूळनिवासी ओजिब्वे लोकांसाठी ते पवित्र. या पट्ट्यातली जमीन त्यांनी १८५४च्या तहात दिली, पण शिकारीचा, मासेमारीचा आणि रानातलं गोळा करण्याचा हक्क राखून ठेवला. कापणी होडीतूनच होते. एक जण उभं राहून लांब काठीने होडी पुढे रेटतो, दुसरा एका दांडक्याने धाटं होडीवर वाकवतो आणि दुसऱ्याने हलकेच झोडतो. काही दाणे पाण्यात सांडतात, पुढच्या वर्षीचं पीक त्यातूनच येतं. राज्याचा कायदाही मनूमिन काढायला मोटारबोट चालू देत नाही.

शरद ऋतू इथे घाईत असतो. बर्च आणि ॲस्पेन पिवळे होतात, मग टॅमरॅक. सूचिपर्णी असूनही टॅमरॅकची पानं सोनेरी होऊन गळतात.

[आवाज : गोठलेल्या तळ्यातून येणारा खोल, घुमणारा दणका.]

बर्फ धरतोय. हा आवाज तडा जाण्याचा असला तरी धोक्याचा असेलच असं नाही. बर्फ जाड होताना आणि तापमान वरखाली होताना असा बोलतो. पायी जायला किमान चार इंच स्वच्छ, टणक बर्फ लागतो. पांढरा, भुसभुशीत असेल तर दुप्पट.

इथून पुढे पोर्टेजचा त्रासच संपतो. तळं आणि जमीन, सगळं एकसारखं पांढरं. स्की, स्नोशू, कुत्र्यांची घसरगाडी. स्नोमोबिल या बर्फावरच्या मोटारगाडीला राखीव क्षेत्राबाहेर भरपूर वाटा आहेत, आत मनाई. मासेमारीचं भोक पाडायलासुद्धा आत हाताने फिरवायचं गिरमिट लागतं. फूट-दीड फूट बर्फातून ते फिरवलं की थंडी वाजत नाही, एवढं नक्की.

कुत्र्यांना निघायला सांगताना ‘मश’ म्हणतात असं सिनेमे सांगतात. प्रत्यक्षात आरोळी ‘हाइक’ची. उजवीकडे ‘जी’, डावीकडे ‘हॉ’. थांबवायला ‘वो’, आणि ते कुत्री सगळ्यांत कमी ऐकतात. एलीचे विल स्टीगर आणि पॉल शर्की यांची तुकडी १९८६ मध्ये घसरगाड्यांवरून, वाटेत रसद न घेता, उत्तर ध्रुवावर पोचली. त्या तुकडीतल्या ॲन बॅनक्रॉफ्ट बर्फावरून ध्रुव गाठणाऱ्या पहिल्या महिला.

थंडीचं म्हणाल, तर एलीजवळच्या टॉवर गावी २ फेब्रुवारी १९९६ ला उणे ५१ अंश सेल्सिअस नोंदलं गेलं. राज्याचा तो आजवरचा नीचांक.

[दृश्य : रात्र. ताऱ्यांनी भरलेलं आकाश, मग एका खोलीत संगणकाचा पडदा.]

बाहेर असं सगळं गोठलेलं असतानाच, जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात, उन्हाळ्याचे परवाने खुले होतात. १ मे ते ३० सप्टेंबर मुक्कामाला जायचं तर प्रत्येक प्रवेशद्वाराचा रोजचा कोटा ठरलेला आहे. मूस लेकसारख्या लोकप्रिय ठिकाणच्या जुलैतल्या तारखांसाठी सकाळी लोक तत्काळ तिकिटाला बसतात तसे पडद्यापुढे बसतात. तारीख हुकली तर मे किंवा सप्टेंबरचा शेवट बघावा; गर्दी कमी, डासही कमी. फक्त मेच्या सुरुवातीची तारीख घेताना एलीतल्या एखाद्या होडीवाल्याला आधी फोन करावा. परवान्यावर तारीख छापलेली असते, पण बर्फ ती वाचत नाही.