बेलासिस रोड ते वारजे

(दृश्य: सकाळची मुंबई सेंट्रल. लोकलमधून उतरणारी गर्दी, टॅक्सीवाले, हातगाड्या.)

मुंबई सेंट्रलच्या पूर्वेला बाहेर पडलं की बेलासिस रोड लागतो. या रस्त्यावर अनेक दशकं एका औषध कंपनीचा कारखाना आणि मुख्य कार्यालय होतं. इथून नागपाड्याच्या दिशेने चालत निघालं की कामाठीपुऱ्याच्या गल्ल्या येतात. अजून थोडं पुढे गेलं की जे. जे. रुग्णालय.

औषध बनवणारे, आजार सोसणारे आणि उपचार करणारे, सगळे एका पायी फेरीच्या टापूत. तरीही १९९३ साली या कंपनीने आणलेलं एचआयव्हीवरचं औषध कामाठीपुऱ्यातल्या बाईला सरकारी दवाखान्यात फुकट मिळायला २००४ साल उजाडलं. मधली अकरा वर्षं कुठे गेली, हे समजून घ्यायचं तर कंपनीच्या मालकाची गोष्ट ऐकावी लागेल.

कंपनीचं नाव सिप्ला. मालकाचं नाव डॉ. युसूफ ख्वाजा हमीद.

(दृश्य: जुने कृष्णधवल फोटो.)

गोष्ट सुरू होते त्यांच्या वडिलांपासून. ख्वाजा अब्दुल हमीद अलीगढचे. रसायनशास्त्र शिकायला ते जर्मनीला गेले, आणि बर्लिनमध्ये त्यांची लुबाशी भेट झाली. लुबा लिथुआनियातल्या ज्यू कुटुंबातली. दोघांनी लग्न केलं, मुंबईत संसार थाटला, आणि १९३५ साली सिप्ला सुरू झाली. पुढच्याच वर्षी, २५ जुलै १९३६ रोजी, युसूफचा जन्म झाला, आईच्या माहेरी, विल्नियसला. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत तिकडेही पाळली गेली म्हणायची. त्यानंतर काही वर्षांतच युरोपातल्या ज्यूंवर जे ओढवलं, ते आठवलं की मुंबईला परतलेल्या त्या आई-बाळाकडे वेगळ्या नजरेने पाहिलं जातं.

४ जुलै १९३९ रोजी महात्मा गांधी बेलासिस रोडच्या कारखान्यात आले होते. देशाला लागणारी औषधं देशातच बनली पाहिजेत, हा त्या काळचा ध्यास. त्या भेटीचा फोटो कंपनीने जपून ठेवला. युसूफला तेव्हा तीन वर्षंही पुरी झाली नव्हती.

मुंबईत शाळा, झेवियर्समध्ये कॉलेज, आणि अठराव्या वर्षी केंब्रिजचं क्राइस्ट्स कॉलेज. तिथे त्यांना गुरू लाभले अलेक्झांडर टॉड. टॉड यांना १९५७ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि १९६० साली त्यांचा हा विद्यार्थी पीएच.डी. घेऊन घरी परतला. इथे एक लक्षात ठेवू या: हमीद आधी केमिस्ट आहेत, मग उद्योजक. एखादं औषध महाग आहे असं कुणी सांगितलं, की ते त्याच्या रेणूकडे पाहतात. किती पायऱ्यांत बनतं, कच्चा माल काय लागतो, वाया किती जातं. खरा खर्च किती, हे त्यांना कागदावर मांडता येतं. पुढे जे घडलं, त्याच्या मुळाशी ही आकडेमोड होती.

(दृश्य: चुलीवर भाजली जाणारी पुरणपोळी.)

ते परतले तेव्हा भारतात इंग्रजांच्या काळातला, १९११ सालचा पेटंट कायदा चालू होता. औषधावर परदेशी कंपनीचं पेटंट असलं, की इथल्या कुणी ते बनवायचं नाही.

हा कायदा स्वयंपाकघरात नेऊन पाहू या. समजा, कुणीतरी पुरणपोळीवरच मालकी सांगितली. मग तुम्ही डाळ कशीही शिजवा, गूळ घाला की साखर, पोळी लाटा की हातावर थापा, पोळी झाली की गुन्हा झाला. आता समजा, मालकी फक्त त्या माणसाच्या कृतीवर आहे. तुमच्या आजीची कृती वेगळी असेल, तर तुम्ही खुशाल पुरणपोळी करा. १९७० साली संसदेने पेटंट कायदा बदलला आणि १९७२ पासून तो लागू झाला. औषधांच्या बाबतीत वस्तूवरची मालकी गेली, कृतीवरची तेवढी राहिली, आणि तीही मोजक्या वर्षांसाठी. हमीद आणि त्यांच्यासारखे देशी उत्पादक या बदलासाठी कित्येक वर्षं दिल्लीचे उंबरठे झिजवत होते.

कायदा अमलात आला त्याच वर्षी वडील वारले. १९७६ साली युसूफ हमीद व्यवस्थापकीय संचालक झाले, १९८९ साली अध्यक्ष. मधल्या काळात सिप्ला घराघरात शिरली. दम्याच्या माणसाच्या उशाशी असणारा निळा पंप आठवतो? अस्थॅलिन. डॉक्टर इनहेलर म्हणतात, आपण पंपच म्हणतो. रात्री दोन वाजता छाती भरून आली, की घरातलं लहान पोरही अंधारात चाचपडत तो पंप आणून द्यायचं. परवडणारं औषध म्हणजे काय, हे त्या पोराला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

(दृश्य: रात्रीचा कामाठीपुरा. चेहरे दिसत नाहीत, फक्त खिडक्या.)

मग आलं एड्सचं दशक.

भारतात एचआयव्हीची पहिली लागण १९८६ साली मद्रासमध्ये आढळली. काही वर्षांतच मुंबई, सांगली, कोल्हापूर, ट्रकवाल्यांचे हमरस्ते अशी त्याची वाट दिसू लागली. ज्यांनी तो काळ पाहिला, त्यांना आठवत असेल. माणूस वाळत जायचा, आणि घरचे शेजाऱ्यांना सांगायचे, ‘टीबी झालाय.’

एझेडटी हे एचआयव्हीवरचं औषध परदेशात मिळत होतं, पण किमतीमुळे इथे त्याचं नावही काढायची सोय नव्हती. हैदराबादच्या सरकारी रसायन संशोधन संस्थेने ते बनवायची कृती बसवली आणि १९९३ साली सिप्लाने ते बाजारात आणलं, परदेशी किमतीच्या एका छोट्या हिश्श्यात. हमीद सरकारकडे गेले: हे घ्या, लोकांना द्या. सरकारचं उत्तर आलं की निधी आजार ओळखायला आणि रोखायला आहे, उपचाराला नाही. रुग्णांना स्वतःच्या खिशातून ते झेपेना. गोळ्या पडून राहिल्या आणि मुदत संपल्यावर फेकून द्याव्या लागल्या. कारखान्यापासून कामाठीपुऱ्यापर्यंतचं एवढंसं अंतर त्या औषधाला ओलांडता आलं नाही.

पुढे संशोधनाने दाखवून दिलं की एकटं एझेडटी पुरत नाही. तीन औषधं एकत्र दिली, तर विषाणू दबून राहतो आणि माणूस जगतो, कामावर जातो, मुलं वाढवतो. श्रीमंत देशांत मरण रोखलं गेलं. तिथे या उपचाराचा खर्च माणशी वर्षाला दहा ते पंधरा हजार डॉलर. आफ्रिकेत त्याच आजाराने दिवसाला हजारो माणसं जात होती.

(दृश्य: ब्रसेल्स. रिकामं सभागृह, मायक्रोफोन.)

२८ सप्टेंबर २०००. ब्रसेल्समध्ये युरोपीय आयोगाची बैठक. समोर मंत्री, अधिकारी, बड्या औषध कंपन्यांचे प्रमुख. मुंबईच्या या केमिस्टला बोलायला मिळाली काही मिनिटं. त्यांनी तीन गोष्टी देऊ केल्या. तीन औषधांचा उपचार वर्षाला आठशे डॉलरमध्ये. ज्या देशाला स्वतः औषध बनवायचं असेल, त्याला तंत्रज्ञान फुकट. आणि आईकडून बाळाला होणारी लागण टाळणारं नेव्हिरॅपीन, तेही फुकट.

फुकट देऊ केलेल्या गोष्टीसाठीही कुणी पुढे आलं नाही. मला या सगळ्या प्रवासातला हा टप्पा फार बोचतो. माल तयार आहे, किंमत सांगितली आहे, माणसं मरत आहेत, आणि सभागृहातली माणसं कागद आवरून जेवायला जातात.

हमीद पुन्हा आकडेमोडीला बसले. फेब्रुवारी २००१ मध्ये त्यांनी ‘डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स’ या संस्थेला नवा भाव कळवला: माणशी वर्षाला ३५० डॉलर. दिवसाला एक डॉलरपेक्षाही कमी. दुसऱ्या दिवशी ही बातमी न्यूयॉर्क टाइम्समध्ये पहिल्या पानावर होती.

आता कागद आवरून उठून जायची सोय राहिली नाही. दहा हजारांची गोष्ट साडेतीनशेत होते, हे शेंबड्या पोरालाही कळतं. बड्या कंपन्यांनी हमीदांना चाचे म्हटलं, चोर म्हटलं. त्यांचं उत्तर साधं होतं: माझ्या देशाच्या कायद्यात जे बसतं, तेच मी करतो. स्वस्त औषधं आणू देणाऱ्या कायद्याविरुद्ध दक्षिण आफ्रिकेच्या सरकारला ३९ औषध कंपन्यांनी कोर्टात खेचलं होतं. एप्रिल २००१ मध्ये त्यांनी तो खटला मागे घेतला. जानेवारी २००३ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी आफ्रिकेसाठी एड्स निधी जाहीर केला, तेव्हा त्यांच्या भाषणात हाच आकडा होता: बारा हजार डॉलरवरून तीनशेच्या खाली.

(दृश्य: तळहातावर एक गोळी.)

त्या भावाइतकीच मोठी गोष्ट होती ही गोळी. ट्रायोम्युन. स्टॅव्हुडीन, लॅमिव्हुडीन आणि नेव्हिरॅपीन, तिन्ही एकात. सकाळी एक, संध्याकाळी एक. ही गोळी भारतातच का झाली? कारण बाहेर या तीन औषधांचे मालक तीन वेगवेगळ्या कंपन्या होत्या आणि त्या एकमेकींच्या ताटात वाढायला तयार नव्हत्या. आपल्याकडे १९७० च्या कायद्यामुळे ती भिंतच नव्हती. घड्याळ नसलेल्या, अक्षरओळख नसलेल्या माणसालाही सांगता येईल असा उपचार तयार झाला. स्टॅव्हुडीनचे दुष्परिणाम पुढे ठळक झाले, पायांना मुंग्या येणं, गाल खप्पड होणं. जागतिक आरोग्य संघटनेने नंतर ते वापरातून काढायला सांगितलं आणि त्याच्या जागी चांगली औषधं आली. पण ती येईपर्यंत माणसं जिवंत राहिली होती.

आणि १ एप्रिल २००४ रोजी भारत सरकारने मोफत उपचार सुरू केले. एचआयव्हीवरचे हे उपचार देणाऱ्या पहिल्या आठ केंद्रांपैकी, म्हणजे एआरटी सेंटरपैकी, एक होतं जे. जे. रुग्णालय. बेलासिस रोडवरून चालत जावं, एवढ्या अंतरावर.

हे दान होतं का? हमीदांना तो शब्द पटत नाही. सिप्लाकडे शेकडो उत्पादनं आहेत, सगळ्यांवर नफा कमावलाच पाहिजे असं नाही, असं ते सांगत आले. २०१२ साली त्यांनी कर्करोगाच्या औषधांचे भावही असेच उतरवले. सोराफेनिबचा महिन्याचा खर्च सुमारे अठ्ठावीस हजारांवरून ६,८४० रुपयांवर आणला. याच कंपनीचा औषधांच्या सरकारी किंमत नियंत्रणावरून वर्षानुवर्षं कोर्टात वाद चालला, हेही खरं आहे. काही औषधांवर जादा पैसे घेतल्याचं सरकारचं म्हणणं कंपनीने मान्य केलं नाही. धंदा करणाऱ्या माणसाची गोष्ट सांगतो आहोत, तर तीही बाजू झाकायला नको.

२००५ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. त्याच वर्षी भारताने औषधांवर वस्तूचं पेटंट पुन्हा आणलं आणि ज्या दारातून ट्रायोम्युन बाहेर पडली होती, ते बरंचसं बंद झालं. केंब्रिजला त्यांनी भरभरून दिलं. तिथल्या रसायनशास्त्र विभागाला २०२० पासून त्यांचं नाव आहे. पण आपल्याला जायचं आहे त्याहून खूप जवळ.

(दृश्य: पुणे, वारजे. महामार्गावरचे ट्रक. आवाज हळूहळू मागे पडतो. झाडी.)

पुण्यात मुंबई–बंगळूर महामार्गाजवळ, वारज्याला, सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर केंद्र आहे. पॅलिएटिव्ह केअर म्हणजे आजार बरा होणार नसला, तरी त्रास कमी करणारी सेवा. १९९७ साली सुरू झालं. पन्नास खाटा. इथे येतात ते कर्करोगाचे रुग्ण आणि त्यांच्यासोबत त्यांच्या घरचं माणूस. कुणाकडूनही पैसे घेतले जात नाहीत.

‘आता काही करण्यासारखं नाही, घरी न्या.’ हे वाक्य आपल्यापैकी कितीतरी जणांनी दवाखान्याच्या पायऱ्यांवर ऐकलं असेल. ते ऐकून रिक्षात बसणाऱ्या माणसाला कुणी सांगत नाही की दुखणं थांबवणं, हेही करण्यासारखंच काम आहे.

या सेवेत पहिला प्रश्न असतो: दहापैकी किती दुखतंय? रुग्ण म्हणतो, नऊ. मग मॉर्फिन, म्हणजे अफूपासून बनणारं वेदनाशामक, सुरू होतं, तोंडावाटे, दर चार तासांनी, दुखणं वर येण्याची वाट न पाहता. घरचे घाबरतात. ‘अफूच ना ती? सवय लागेल.’ डॉक्टर शांतपणे समजावतात. सोबत पोट साफ राहायचं औषध देतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं की उत्तर येतं, तीन. कायदेशीर अफू पिकवणारा आपला देश, पण १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यातल्या परवान्यांच्या जंजाळामुळे हे साधं औषध वर्षानुवर्षं रुग्णांपर्यंत पोहोचत नव्हतं. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली. अजूनही पुष्कळ गावांत ते मिळत नाही.

(दृश्य: स्टीलची वाटी, चमच्याच्या पाठीने चुरली जाणारी गोळी.)

तोंडाच्या कर्करोगाची जखम उघडी असते. आयुष्यभर मिश्री लावलेल्या बाईला, तंबाखू मळलेल्या बाप्याला ती गालावर येते. दुखण्याहून जास्त छळते तिची दुर्गंधी. नातवंडं खोलीत यायची थांबतात. सून ताट दारात ठेवते. माणूस स्वतःच तोंड भिंतीकडे करून निजतो.

त्यावर एक साधी युक्ती आहे. मेट्रोनिडॅझोलची गोळी, जुलाबावर देतात तीच, कुठल्याही मेडिकलमध्ये काही रुपयांत मिळणारी. जखम मिठाच्या पाण्याने धुवायची. गोळी चुरून बारीक पूड करायची. ती जखमेवर भुरभुरायची, वर गॉज ठेवायचं. हेच रोज. काही दिवसांत वास उतरतो.

परिचारिका हे एकदा करून दाखवते. दुसऱ्या दिवशी मुलाच्या हातात वाटी देते आणि बाजूला उभी राहते. त्याचा हात थरथरतो. तिसऱ्या दिवशी थरथर कमी असते. मग औषधांची पिशवी, वेळा लिहिलेला कागद आणि फोन नंबर घेऊन दोघं घरी निघतात.

(दृश्य: घर. खाटेवर आई, डोक्यावरचा पदर गालावरून ओढलेला. पायाशी बसून पाटीवर अक्षरं गिरवणारी नात.)