ज्याचं गाणं, त्याचंच

हा टकटक आवाज ऐकलात? रेनडिअर चालतो तेव्हा पायातली कंडरा हाडावरून सरकते आणि अशी वाजते. नॉर्वेच्या उत्तर टोकाला, फिनमार्कच्या पठारावर, हिवाळ्यात कित्येक आठवडे सूर्य उगवतच नाही. कळप कुठवर गेला ते या टकटकीवरून कळतं.

कळपामागे चालणारा माणूस काहीतरी गुणगुणतोय. तो सामी आहे. सामी लोकांचा मुलूख नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि रशियाचं कोला द्वीपकल्प असा चार देशांत वाटला गेलाय. ते त्याला साप्मी म्हणतात. आणि या गुणगुणण्याला म्हणतात योईक.

मराठीत आपण एखाद्यावर गाणं रचतो. सामी बोलण्यात हा 'वर' नाही. आईवर योईक नसतो, आईला योइकतात. लांडग्याला योइकतात, डोंगराला योइकतात. शब्द मोजके, कधी तेही नाहीत, नुसतं लो-लो-ला. पण त्या सुरांत लांडग्याची दबकी चाल असते, डोंगराचा उतार असतो. जाणकार ऐकून सांगतात, कुणाला योइकलंय ते. योइकला धड सुरुवात नाही की शेवट नाही. तो गोल फिरत राहतो आणि मध्येच थांबतो.

गंमत मालकीची आहे. चाल कुणीही बांधो, योईक ज्याला गायला त्याचा. बांधणाऱ्याचा नव्हे! स्वतःलाच योइकणं म्हणजे मात्र बढाई, ते शोभत नाही.

मिशनऱ्यांना यात सैतान दिसला. सामी पुरोहितांचे चामडी ढोलही त्याच पापात गेले. अँडर्स पॉल्सन या वृद्धाचा ढोल १६९१ मध्ये जप्त झाला. १६९२ मध्ये नॉर्वेतल्या वाड्सो इथं त्याच्यावर जादूटोण्याचा खटला चालला आणि निकाल लागण्याआधीच त्याचा खून झाला. ढोल डेन्मार्कला गेला. त्याची मालकी सामींकडे परत आली ती थेट २०२२ मध्ये.

योईक मात्र कुणाला जप्त करता येईना. १९७९ मध्ये आल्ता नदीवरच्या धरणाविरुद्ध सामी तरुण ऑस्लोत संसदेसमोर उपोषणाला बसले. पुढच्याच वर्षी नॉर्वेनं युरोव्हिजन या युरोपातल्या गाण्यांच्या स्पर्धेला याच उपोषणावरचं गाणं पाठवलं, आणि त्यात सामी गायक मात्तिस हेत्ता यांचा योईक होता. नंबर सोळावा आला, ते सोडा. धरणही झालंच. पण १९८९ मध्ये फिनमार्कमधल्या कारास्योकला सामींची स्वतःची संसद उभी राहिली, आणि १९९४ च्या लिलहामर हिवाळी ऑलिंपिकच्या उद्घाटनात सामी कवी निल्स-अस्लाक वाल्केआपे यांनी योईक गायला.

आता पुन्हा पठारावर. रेनडिअर खुरांनी बर्फ उकरून खालची शैवाकं खातो, दगडफुलाच्या जातीतली. अलीकडे भर हिवाळ्यात पाऊस पडतो. ते पाणी गोठतं आणि चाऱ्यावर काचेसारखा थर धरतो. बर्फ उकरून चारा मिळेल का, एवढ्या सगळ्या गोष्टीला सामी भाषेत एकच शब्द आहे, ग्वोहतून.

गुराखी काठी बर्फात खुपसतो. काठी खट्‌कन अडते. चार पावलं पुढे जाऊन पुन्हा खुपसतो. पुन्हा खट्‌. तो काठी काखेत मारतो, कळप पलीकडच्या उताराकडे वळवतो आणि दबक्या आवाजात त्याच उताराला योइकू लागतो. मागून टकटक येत राहते.