‘स्वतःबद्दल सांगा’ला काय सांगायचं?

नमस्कार श्रोतेहो,

आज बोलायचंय नोकरीच्या मुलाखतीबद्दल, आणि त्यातही फक्त एकाच गोष्टीबद्दल, म्हणजे नेहमीचे जे प्रश्न असतात त्यांची तयारी घरी बसून कशी करायची. डिप्लोमाचे, डिग्रीचे, आयटीआयचे निकाल लागले की आपल्या कोल्हापूर-सांगली पट्ट्यातली पोरं-पोरी फायली घेऊन शिरोली, गोकुळ शिरगाव, कुपवाड, कागल अशा एमआयडीसीत फिरायला लागतात, काहीजण थेट चाकणची गाडी पकडतात, आणि सगळ्यांच्या मनात एकच भीती असते की आत काय विचारतील कुणास ठाऊक. मी फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, काम करतो आणि मुलाखतीच्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बरीच वर्षं बसतोय, म्हणून सांगतो, काय विचारतील ते जवळजवळ माहीत असतं. स्वतःबद्दल सांगा. आमच्याच कंपनीत का यायचंय. तुमची जमेची बाजू काय, कमतरता काय. एखादा अवघड प्रसंग सांगा. मधलं एक वर्ष काय करत होता. पगार किती पाहिजे. तुम्हाला काही विचारायचंय का. झालं, यातच निम्मी मुलाखत संपते, बाकीचं तुमच्या ट्रेडचं किंवा ब्रँचचं.

आता हे प्रश्न सगळीकडे तेच ते का असतात, तर त्यालाही कारण आहे. अमेरिकेतल्या फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर या दोघांनी 1998 मध्ये तोपर्यंतचं पंच्याऐंशी वर्षांचं संशोधन एकत्र करून बघितलं, की माणूस पुढे कामात कसा निघेल याचा अंदाज कशावरून जास्त बरोबर येतो. त्यात सगळ्यांना ठरवून तेच प्रश्न विचारलेली मुलाखत मनाला येईल तशा गप्पा मारण्यापेक्षा चांगली ठरली. म्हणून मोठ्या कंपन्यांत एचआरवाल्यांकडे प्रश्नांचा छापील कागद असतो आणि प्रत्येक उत्तराला तिथल्या तिथे मार्क टाकतात. तुमच्यासाठी ही चांगली गोष्ट आहे हो, पेपर आधीच फुटल्यासारखा आहे हा, आणि तरीही ऐंशी टक्के पोरं यूट्यूबवरून पाठ केलेलं तेच एक उत्तर घेऊन येतात. ऐंशी टक्के हा माझा अंदाज बरं का, मोजलेलं नाही.

‘स्वतःबद्दल सांगा’ म्हटलं की काय होतं बघा. पोरगा ताठ बसतो, नजर भिंतीवर, आणि सुरू होतो, मायसेल्फ अमुक अमुक, आय अॅम फ्रॉम अमुक गाव, देअर आर फोर मेंबर्स इन माय फॅमिली, माय हॉबीज आर लिसनिंग म्युझिक अँड प्लेइंग क्रिकेट. यातलं निम्मं आमच्यासमोर बायोडेटावर लिहिलेलं असतं, आणि उरलेल्या निम्म्याचा कामाशी काही संबंध नसतो. एक इचलकरंजीचा मुलगा आला होता, मेकॅनिकल डिप्लोमा, त्यानं असंच सगळं म्हणून दाखवलं आणि गप्प बसला. मार्क बेताचे. मी सहज मराठीत विचारलं, सुट्टीत काय करतोस रे? तर म्हणाला, सर वडील जॉबर आहेत, यंत्रमाग दुरुस्त करतात, मी रात्रपाळीला त्यांच्याबरोबर मागावर असतो. मग म्हटलं सांग की काहीतरी तिथलं. आणि पोरगं बोलायलाच लागलं. एका मागावर सारखे धागे तुटत होते, माग बंद करायचा, गाठ मारायची, चालू करायचा, परत तुटायचे, सगळे म्हणत होते सूतच कच्चं आहे. यानं काय केलं, बीम, म्हणजे उभ्या धाग्यांचा रूळ, तोच ठेवला आणि शेजारच्या मागाचा धोटा, म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेतो तो, या मागाला लावून बघितला, तर तुटायचं थांबलं. मग पहिला धोटा हातात घेऊन त्याच्यावरून बोट फिरवलं तर एका कडेला बारीक कूस उठलेली, तीच धाग्यांना लागत होती. पॉलिश पेपरनं घासून धोटा गुळगुळीत केला, परत लावला, माग सुरळीत चालला.

श्रोतेहो, आम्हाला हेच पाहिजे असतं. बिघाड आला, सगळ्यांनी एकच कारण धरलं, यानं एकावेळी एकच गोष्ट बदलून बघितली, कारण सापडलं, दुरुस्त केलं. फाउंड्रीत कास्टिंगला, म्हणजे ओतलेल्या भागाला, ब्लोहोल, म्हणजे हवेची भोकं, यायला लागले की आम्ही पण तेच करतो, वाळूतली ओल बघायची, कुठल्या शिफ्टला येतायत ते बघायचं, एकेक कारण बाजूला काढत जायचं. त्या पोराकडे हे सगळं होतं आणि त्याच्या पाठ केलेल्या उत्तरात त्यातलं एक अक्षर नव्हतं, कारण त्याला वाटत होतं की घरचं काम ते काय मुलाखतीत सांगायचं असतं का! मला त्या दिवशी फार वाईट वाटलं, कारण मी सहज विचारलं नसतं तर तो तसाच उठून गेला असता. असे किती जात असतील.

म्हणून तयारी कशी करायची, तर उत्तरं लिहायला बसू नका, आधी प्रसंग आठवायला बसा. एक वही घ्या आणि तुमच्या आयुष्यातले पाच-सहा प्रसंग लिहून काढा, जिथे काहीतरी अडलं होतं आणि तुम्ही काहीतरी केलंत. कॉलेजचा प्रोजेक्ट, अॅप्रेंटिसशिप, शेतातली मोटर, गणपती मंडळाचा हिशोब, बहिणीच्या लग्नात वाढप्यांची व्यवस्था, दुकानात काकांना मदत, काहीही चालेल पण खरं पाहिजे. प्रत्येकाला चारच ओळी: काय परिस्थिती होती, माझ्याकडे काय काम होतं, मी नेमकं काय केलं, आणि शेवटी काय झालं. एचआरवाले याला स्टार पद्धत म्हणतात. यातली तिसरी ओळ सगळ्यात मोठी पाहिजे आणि त्यात ‘आम्ही’ कमी, ‘मी’ जास्त. आपल्याकडे मी-मी करणं बरं दिसत नाही म्हणून पोरं ‘आम्ही प्रोजेक्ट केला’ म्हणतात, मग आम्हाला कळतच नाही की चौघांत हा वेल्डिंग करत होता की रिपोर्टची झेरॉक्स काढत होता. आणि आकडा असेल तर टाका, किती वेळ वाचला, किती नग झाले, किती रुपये लागले.

हे पाच-सहा प्रसंग हाताशी असले ना, की प्रश्न कसाही फिरवून विचारू दे. अवघड प्रसंग सांगा म्हटलं की एक काढायचा, टीममध्ये भांडण झालं तर काय कराल म्हटलं की दुसरा, जमेची बाजू विचारली की नुसतं ‘हार्डवर्किंग’ न म्हणता तिसरा सांगायचा. आणि ‘स्वतःबद्दल सांगा’ला दीड मिनिट पुरे: काय शिकलो, त्यातलं काय हातानं केलंय, एक प्रसंग दोन वाक्यांत, आणि या कामाला का आलो. त्या दोन वाक्यांवरूनच पुढचा प्रश्न येतो, म्हणजे मुलाखत तुमच्या ओळखीच्या वाटेनं जाते.

इंग्रजीचं बोलतो, कारण पत्रं याबद्दलच जास्त येतात. इंग्रजी यायलाच पाहिजे का? आयटीत, एक्सपोर्टच्या कामात, परदेशी ग्राहकाशी बोलायच्या जागेवर लागतं, तिथे सूट नाही, तर शिकायला लागा. पण शॉपफ्लोअरवर, क्वालिटीत, मेंटेनन्सला बरेच ठिकाणी ‘सर, मराठीत सांगितलं तर चालेल का’ असं सुरुवातीलाच विचारलं तर हो म्हणतात. एवढं करा की तुमच्या पाच प्रसंगांतले दोन साध्या, छोट्या इंग्रजी वाक्यांत पण सांगता आले पाहिजेत, पाठ करून नाही, तर पाच-सात वेळा मोठ्यानं बोलून. राज्यसेवा करणाऱ्यांना तर मराठीत मुलाखत देता येतेच, आणि नव्या पद्धतीत लेखी 1750 आणि मुलाखत 275 मार्कांची आहे, तेव्हा फॉर्ममध्ये छंद म्हणून जे लिहाल आणि जो जिल्हा लिहाल त्यावर प्रश्न येणारच, ते हलकं घेऊ नका.

‘आमच्याच कंपनीत का?’ याला ‘युवर कंपनी इज रेप्युटेड’ हे उत्तर कुठल्याही कंपनीला चालतं, म्हणून ते कुठेच चालत नाही. समजा किर्लोस्करवाडीला पंपाच्या कारखान्यात चाललाय. कारखाना 1910 चा आहे हे सगळ्यांना माहीत, नेटवर आहे. पण तुमच्या शिवाराला म्हैसाळ किंवा ताकारी योजनेचं पाणी येतं, ऐन उन्हाळ्यात उपसा बंद पडला की द्राक्षबागेचं काय होतं हे तुम्ही डोळ्यांनी बघितलंय, तर पंपाच्या कंपनीत तेच सांगा की. वेबसाइटवर उत्पादनं बघा, शेअर बाजारात नोंदलेली कंपनी असेल तर वार्षिक अहवाल फुकट मिळतो, त्यातली पहिली दहा पानं वाचा. आणि गावातलं कोण तिथे कामाला असेल तर चहाला बोलवा, अहवालापेक्षा जास्त तोच सांगेल.

कमतरतेला ‘मी परफेक्शनिस्ट आहे’ म्हणू नका, आम्ही रोज ऐकतो. खरी पण सुधारता येणारी सांगा. एक मुलगी म्हणाली होती, मला ड्रॉइंगवरच्या जीडी अँड टीच्या, म्हणजे आकारात किती फरक चालेल ते दाखवणाऱ्या, खुणा पटकन वाचता येत नाहीत, म्हणून मी रोज एक ड्रॉइंग घेऊन बसते, आता निम्म्या येतात. मी तिला तिथेच ड्रॉइंग दिलं, खरंच निम्म्या आल्या. घेतलं तिला.

गॅपचं लपवू नका. बॅकलॉग होता तर होता म्हणा, वडील आजारी होते तर तसं सांगा, स्पर्धा परीक्षा करत होतो असंही सांगा, त्यात लाजण्यासारखं काही नाही, फक्त त्या काळात आणखी काय केलं ते एक वाक्य जोडा. तारखा फिरवून जुळवायला जाऊ नका, पीएफच्या नोंदीत आधीच्या नोकरीच्या तारखा दिसतात.

मुलींनो, तुम्हाला ‘लग्नाचं काय ठरलंय’ विचारतात, मला माहीत आहे, आणि ते विचारणं चूक आहे, मी आमच्यातही हे स्पष्ट सांगितलंय. 2017 पासून बाळंतपणाची भरपगारी रजा 26 आठवडे झाली तेव्हापासून काही मालक हाच हिशोब मनात धरून बसतात. रागावून नोकरी घालवायची नसेल तर शांतपणे एवढंच म्हणा, ‘सर, या कामाला शिफ्टची आणि वेळेची जी अट आहे ती मला मान्य आहे.’ बाकी काही सांगायला तुम्ही बांधील नाही. आणि त्यानंतरही तोच विषय उकरत बसले तर त्या जागेबद्दल तुम्हाला पुरेसं कळलं असं समजा.

पगाराला पोरं सीटीसी, म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च, आणि हातात पडणारी रक्कम यात फार फसतात. समजा सांगितलं तीन लाख सीटीसी, तुम्ही घरी सांगता महिना पंचवीस हजार. आता बेसिक 15 हजार धरू. कंपनीचा पीएफचा 12 टक्के वाटा म्हणजे 1800 त्या पंचवीसमध्येच मोजलेला असतो, ग्रॅच्युइटीचे साधारण 720 पण बऱ्याच ठिकाणी त्यातच धरतात. राहिले साडेबावीस. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ 1800 आणि व्यवसाय कर 200 गेला, मुलींना पंचवीस हजारापर्यंत हा कर नाही. हातात आले साडेवीस. बसचे, कॅन्टीनचे कापले तर आणखी कमी. म्हणून आकडा सांगायच्या आधी खोलीभाडं, जेवण, प्रवास असा महिन्याचा खर्च काढा, त्याच जागेला आसपास काय देतात ते दोघा-तिघांना विचारा, आणि मग ‘हातात एवढे अपेक्षित आहेत’ असं म्हणा. ‘तुम्ही द्याल ते’ हे उत्तर देऊ नका, मग खरंच ते देतील तेच मिळतं.

शेवटी ‘काही विचारायचंय का’ म्हटल्यावर नो सर म्हणून उठू नका. पहिले सहा महिने मी कुणाच्या हाताखाली असेन, ट्रेनिंग कसं असतं, जागा कंपनीच्या रोलवर आहे की कंत्राटदाराच्या, हे विचारा. शेवटचा प्रश्न तर विचाराच, कारण कामावर गेल्यावर दुसऱ्याच नावाची स्लिप हातात आलेली पोरं मी बघितलीत.

आणि एक महत्त्वाचं. तुमची मुलाखत पक्की झाली, आता रजिस्ट्रेशनचे किंवा लॅपटॉपच्या डिपॉझिटचे पैसे भरा असा फोन किंवा व्हॉट्सअॅप आलं तर एक रुपयाही पाठवू नका, मग लेटरहेड कितीही मोठ्या कंपनीचं असू दे. चांगली कंपनी मुलाखतीचे पैसे घेत नाही. त्या कंपनीच्या वेबसाइटवरचा नंबर शोधून तिथे फोन करून विचारा. आणि पैसे गेलेच असतील तर गप्प बसू नका, घरच्यांना सांगा आणि लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवा, जेवढ्या लवकर कळवाल तेवढे पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त. नंबर लिहून घ्या, 1930. पुन्हा सांगतो, एक नऊ तीन शून्य. नमस्कार.