ग्रीन कार्डवाल्याला हद्दपारीची नोटीस आली तर

मंडळी, अमेरिकेत ग्रीन कार्डवर राहणाऱ्या माणसाला 'नोटीस टू अपिअर', म्हणजे इमिग्रेशन कोर्टात हजर राहण्याची नोटीस, आली की घरातले लोक आता सगळं संपलं असंच धरून चालतात. तसं नाही. इमिग्रेशन न्यायाधीशाचा हुकूम अंतिम होईपर्यंत तुम्ही कायम रहिवासीच असता. हद्दपारीचं कारण सरकारनं सिद्ध करायचं असतं, तेही स्पष्ट आणि खात्रीलायक पुराव्यानिशी. म्हणून नोटिशीतले आरोप पहिल्याच तारखेला घाईघाईनं कबूल करू नका.

न्यायाधीशासमोर बाजू मांडायचा हा हक्क कित्येकदा कोर्टात पोचण्याआधीच एका सहीनं जातो. मुलांकडे आलेले आपले आईवडील बघा. इथली थंडी सोसत नाही, म्हणून आठ-आठ महिने पुण्याला किंवा नाशिकला राहतात. १८० दिवसांहून जास्त बाहेर राहिलं की परतताना कसून चौकशी होऊ शकते. अशा वेळी अधिकाऱ्यानं आय-४०७ हा फॉर्म पुढे केला, तर त्यावर सही म्हणजे ग्रीन कार्ड आपणहून सोडणं. सही करायची सक्ती नाही. 'मला न्यायाधीशासमोर सुनावणी हवी' एवढंच शांतपणे सांगा. परतायचा इरादा होता की नाही ते न्यायाधीश ठरवतील, आणि तिथे आजारपणाचे कागद, इथली कर विवरणपत्रं, परतीची तिकिटं कामी येतात.

दुसरी सही फौजदारी कोर्टातली, आणि मला जास्त भीती तिची वाटते. 'कबूल करा, तुरुंग टळेल' असं वकील सांगतो आणि माणूस सुटल्याच्या आनंदात घरी येतो. पण चोरीच्या गुन्ह्यात एक वर्षाची शिक्षा झाली, तर ती पूर्ण स्थगित असली तरी इमिग्रेशन कायद्यात तो 'ॲग्रव्हेटेड फेलनी', म्हणजे सर्वांत गंभीर मानल्या जाणाऱ्या गुन्ह्यांपैकी एक, ठरतो. तीच शिक्षा ३६४ दिवसांची असती, तर या कलमाखाली तो तसा ठरला नसता. एका दिवसावर अख्खं कुटुंब टांगलेलं असतं! पॅडिला विरुद्ध केंटकी या २०१० च्या खटल्यात चाळीसहून अधिक वर्षं इथे राहिलेला, व्हिएतनाम युद्धात अमेरिकेच्या सैन्यात सेवा केलेला माणूस गुन्हा कबूल केल्यामुळे अशाच संकटात होता. कबुलीमुळे हद्दपारीचा धोका आहे हे अशिलाला सांगणं वकिलाचं कर्तव्य आहे, असं सुप्रीम कोर्टानं तेव्हा म्हटलं. तुम्हाला ते सांगितलंच नसेल, तर ती शिक्षा रद्द करून घेण्याचा अर्ज करता येतो का, हे आधी तपासा.

खटला उभा राहिला की मुख्य आधार 'कॅन्सलेशन ऑफ रिमूव्हल'चा, म्हणजे हद्दपारी रद्द करून मिळण्याच्या सवलतीचा, अर्ज ४२-ए. ग्रीन कार्डवर पाच वर्षं, रीतसर प्रवेशानंतर सलग सात वर्षांचं वास्तव्य, आणि ॲग्रव्हेटेड फेलनी नको. या सातांत एच-१ या नोकरीच्या किंवा विद्यार्थी व्हिसावरची वर्षंही धरतात, हे आपल्या इंजिनियर मंडळींना माहीत नसतं. मात्र नोटीस बजावली गेली किंवा ठरावीक गुन्हा घडला की ही मोजणी तिथेच थांबते. पुढे सगळं न्यायाधीशाच्या विवेकावर: कुटुंब, नोकरी, कर, पश्चात्ताप. सवलत आयुष्यात एकदाच मिळते, म्हणून अर्ज जीव ओतून तयार करा.

ही वाट बंद असेल तर नागरिक असलेल्या जोडीदाराच्या किंवा सज्ञान मुलाच्या आधारानं नव्यानं अर्ज करता येतो का ते पाहतात. मायदेशी छळाचा धोका असेल तर त्या आधारे संरक्षण मागता येतं. आणि लहानपणी इथे आलेल्यांनी एक गोष्ट नक्की विचारावी: मी आधीच नागरिक तर नाही? २७ फेब्रुवारी २००१ पासूनच्या कायद्यानुसार, अठरा वर्षांखालचं ग्रीन कार्डधारक मूल नागरिक झालेल्या आईच्या किंवा वडिलांच्या कायदेशीर ताब्यात, त्यांच्यासोबत इथे राहत असेल, तर ते आपोआप नागरिक होतं. आणि नागरिकाला हद्दपार करता येत नाही.

या कोर्टात सरकार फुकट वकील देत नाही. कमी खर्चात किंवा मोफत काम करणाऱ्यांची यादी मात्र कोर्टाकडून मिळते. पत्ता बदलला तर पाच दिवसांत कोर्टाला कळवा, कारण तारखेला हजर न राहिल्यास गैरहजेरीतच हुकूम होतो. निकाल विरुद्ध गेला तर अपील आहे, पण मुदत फार थोडी असते, ती त्याच दिवशी वकिलाकडून लिहून घ्या. दुभाषा कोर्ट स्वतःच्या खर्चानं देतं. आजींना इंग्रजी येत नसेल, तर पहिल्याच तारखेला मराठीचा दुभाषा मागा. मुलानं त्यांच्या वतीनं उत्तरं देऊ नयेत.